जखम सुकावी की भरावी?

जखम बरी होण्यासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत. जखम सुकते आणि जखम भरून येते. दुसरं शरीराच्या कामाशी अगदी जुळतं. पहिल्याने मात्र बरीच गफलत करून ठेवली आहे.

आधी कातडीचं बघू. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. पापणीवर आणखी पातळ, तळपायावर सुमारे १.५ मिलिमीटर. तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. त्यामुळे रक्त दिसलं की समजावं, इजा खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोचली. रक्तवाहिन्या, चेतातंतू, घर्मग्रंथी, केसांची मुळं आणि कातडीला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे, सगळं तिथे. त्याखाली चरबी.

केसांच्या मुळांचं इथे मोठं काम असतं. केस ज्या बारीक नळीतून उगवतो, तिला आतून बाह्यत्वचेच्याच पेशींचं अस्तर असतं. गुडघा खरचटला की वरची साल जाते, पण या नळ्या तळाशी शाबूत राहतात, आणि प्रत्येकीतून नवी कातडी पसरू लागते. म्हणून तळहाताएवढं खरचटलेलंही आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं. जखम खोल असेल आणि नळ्याच गेल्या असतील, तर कातडी फक्त कडांकडून सरकत येते. म्हणून जखम किती पसरली आहे यापेक्षा किती खोल आहे, ते आधी पाहायचं. दुखण्यावर विसंबू नये. खोल भाजल्यावर चेतातंतूच जळतात, त्यामुळे तिथे कमी दुखतं.

आता सुकण्याकडे येऊ. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. नव्या पेशी सरपटत पुढे जातात आणि त्यासाठी त्यांना ओल लागते. कोरड्या खपलीखालून त्यांना ओलाव्याची वाट शोधत जावं लागतं. तेव्हा ‘वारा लागू दे’ हा सल्ला कितीही मायेचा असला तरी चुकीचाच. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी बरी. कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या दिसल्या तर ओल जास्त झाली, पट्टी बदला.

त्याआधी रक्त थांबवायचं. स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. मग वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

पुढे जखमेचा रंग बघत राहावा. लाल, दाणेदार दिसलं तर मांस भरतंय. पिवळट चिकट थर म्हणजे मृत पेशींचा साका. तो पूच असतो असं नाही. काळं झालेलं मेलेलं असतं, ते डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, सूज आणि पाणी सुटणं चालतं. लाली पसरली, ठणका वाढला, वास किंवा ताप आला, तर संसर्ग समजावा. कडा फाकलेल्या असतील, चरबी दिसत असेल, बोट वाकत नसेल, जनावर चावलं असेल, तर वाट पाहूच नये. मातीत माखलेल्या जखमेला धनुर्वाताच्या लसीचं विचारावं. मधुमेह्याच्या पायाची छोटी जखमही छोटी मानू नये, कारण तिथली संवेदनाच कमी झालेली असू शकते.

वरून बरी दिसली तरी ३ आठवड्यांच्या खोल जखमेत मूळच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. कोलॅजनची फेरमांडणी वर्षभर चालते, आणि शेवटी ताकद फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. खोल वणात केसांच्या नळ्या आणि घर्मग्रंथी परत तयार होत नाहीत, म्हणून त्यावर केस उगवत नाहीत आणि घामही येत नाही.