सोलापूरच्या जोशीवाड्यातून फडापर्यंत: राम जोशी आणि त्यांच्या लावण्या

'सुंदरा मनामधि भरली' ही ओळ रचणारा माणूस सोलापूरचा, हे आता सोलापुरातही सांगावं लागतं. चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा ही आपल्या गावाची ओळख झाली. राम जोशींची लावणी मात्र सिनेमातल्या गाण्यांच्या यादीत जाऊन बसली. म्हणून थोडं मागं जाऊन बघू.

राम जोशींचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यावर, 1760 च्या आगेमागे, सोलापुरातल्या ब्राह्मण घरात झाला. घराण्याची विद्या वेदशास्त्र, पुराण आणि ज्योतिषाची. थोरले बंधू मुद्गलभट विद्वान म्हणून मान्यता पावलेले. धाकट्याचा जीव मात्र तमाशात. गावात धोंडी शाहिराचा फड होता आणि राम त्याच्यासाठी लावण्या रचून देऊ लागला. ज्या घरात सकाळी पुराण सांगायचं, त्याच घरातला पोरगा रात्री ढोलकीपाशी बसतो म्हटल्यावर व्हायचं ते झालं. भावानं घराबाहेर काढलं.

ते गेले पंढरपूरला, सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर. तिथं बाबा पाध्ये यांच्याकडे राहून संस्कृत काव्यशास्त्राचं अध्ययन केलं. पुढं कीर्तनकार म्हणूनही नाव मिळवलं. त्यांच्या चरित्रात लोकांना, पुढं त्यांच्या फडात आलेल्या बयाबाईची गोष्ट ऐकायला आवडते. मला विचाराल तर खरी कलाटणी पंढरपुरातच आहे. तिथून ते तमाशा विसरून आले नाहीत. तमाशासाठी नवी हत्यारं घेऊन आले.

'सुंदरा'मधलीच एक ओळ घ्या: 'अंगि तारुण्याचा बहर, ज्वानिचा कहर, मारिते लहर मदन तलवार'. एका दमात 'तारुण्य' आणि 'ज्वानी' दोन्ही. मदन पुराणातला, बहर आणि कहर फारसी-अरबी वळणाचे, आणि 'बहर, कहर, लहर' यांना बांधणारं यमक ढोलकीच्या तोडीसारखं. त्याच लावणीत थोडं आधी 'मन्मथ', 'रति' आणि सिंहासारखी कटी येतात. संस्कृत नाटकातल्या नायिकेला शोभतील अशा या उपमा. पण त्यांना लागून 'धाकटी' आणि 'एकटी' हे घरातले शब्द. 'धाकटी, कटी, एकटी' असं यमक जुळवायला पंडिताचं डोकं लागतं आणि फडावर बसलेला कानही लागतो. दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मीळच.

दुसरी ओळ बहुतेकांच्या तोंडात असते: 'हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशि का शिरी, मठाची उठाठेव का तरी'. हटा, तटा, पटा, जटा, मठा, उठा. जरा मोठ्यानं म्हणून बघा, ढोलकी आपोआप वाजते. अर्थ बुवाबाजीवर कोरडा ओढणारा: वस्त्र रंगवून, जटा वाढवून, मठ थाटून काय मिळवलंस? कापड विणणाऱ्या-रंगवणाऱ्या गावाच्या कवीला 'पट रंगवणं' सुचावं, याची मला उगाच गंमत वाटते.

त्यांची लावणी मराठीपुरती थांबली नाही. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदी अशा चार भाषा एकत्र गुंफलेली लावणीही त्यांच्या नावावर आहे. पुण्यात बसून वाचणाऱ्याला ही पांडित्याची कसरत वाटेल. सोलापूरकराला वाटणार नाही. या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले कानडी वचनकार, म्हणजे 'वचन' नावाच्या भक्तिरचना करणारे. बाजारात एक भाषा, घरात दुसरी, देवळात तिसरी हा इथला जुना रिवाज. निव्वळ संस्कृतात त्यांनी 'मदालसाचंपू' हा गद्य-पद्य मिसळलेला काव्यग्रंथ लिहिला. तो आज अभ्यासकांपलीकडे कोणी उघडत नाही. घरच्यांना जे काव्य मान्य झालं असतं ते विस्मरणात गेलं, आणि ज्यासाठी घर सुटलं तेच टिकलं.

काळही शाहिरांचा होता. संगमनेरचे अनंत फंदी, पुण्यात होनाजी बाळा आणि सगनभाऊ, शिवाय परशराम आणि प्रभाकर. उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (1796 ते 1818), पुण्यात लावणीला आश्रय होता आणि पैसाही. राम जोशीही तिकडं गेले. बयाबाई त्यांच्या फडाशी जोडली गेली ती पुण्यातच. त्यांनी मिळवलं पुष्कळ आणि उधळलंही तितकंच, असं परंपरा सांगते. शेवट 1812 च्या सुमारास, पुण्यातच. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली. 1818 च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला.

यात मोरोपंत कुठं बसतात? बारामतीचे हे पंडितकवी 1794 पर्यंत हयात होते आणि राम जोशींशी त्यांचा स्नेह होता. पंतांच्या आर्या, म्हणजे त्या वृत्तातल्या कविता, कठीण, शिकलेल्यांनाही पचायला जड. राम जोशींनी त्या कीर्तनातून गाऊन लोकांपर्यंत पोचवल्या. पंतांच्या उपदेशानं राम जोशींनी तमाशा सोडला आणि कीर्तन धरलं, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण मला ती फार सरळ वाटते. शृंगार आधी आणि वैराग्य नंतर, अशी सोयीची विभागणी माणसाच्या आयुष्यात क्वचितच असते. 'नरजन्मामधि नरा करुनि घे नरनारायण गडी' ही लावणीच आहे. तिची चाल आणि अनुप्रास फडावरचेच. देवालाही 'गडी' म्हणून बोलावणारा हा कवी तमाशाची भाषा सोडून कुठं गेला होता?

राम जोशी गेल्यानंतर या रचना जिवंत राहिल्या त्या दोन वाटांनी. एक वाट फडकऱ्यांच्या गळ्याची. दुसरी बाडांची, म्हणजे हातानं लिहिलेल्या वह्यांची. गळ्यातली लावणी चालीप्रमाणे बदलते, 'मनामधि'चं 'मनामध्ये' होतं, एखादं कडवं गळतं. लेखनिकही आपल्या परीनं सुधारणा करतो. शेवटच्या कडव्यात 'कविराय' ही नाममुद्रा आली की लावणी राम जोशींची, ही जुनी खूण. छापण्याचं काम पुढं शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी अंगावर घेतलं. अ‍ॅक्वर्थ या इंग्रज साहेबाबरोबर 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापणारे ते हेच. राम जोशींच्या लावण्यांचं त्यांचं पुस्तक विसाव्या शतकाच्या आरंभी आलं.

छापील पानानं ओळी पक्क्या केल्या, पण चाल छापता येत नाही. हिंदुस्थानात तबकडीवर ध्वनिमुद्रण सुरू झालं 1902 मध्ये, कलकत्त्यात. तोवर राम जोशींना जाऊन नव्वद वर्षं झाली होती. त्यांचा आवाज, त्यांनी बांधलेली मूळ चाल, त्यांच्या फडाची ढोलकी यांतलं काही तबकडीवर येणं शक्यच नव्हतं.

ते काम वेगळ्या तऱ्हेनं सिनेमानं केलं. 1947 मध्ये राजकमल कलामंदिरचा 'लोकशाहीर राम जोशी' आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले जयराम शिलेदार, आणि बया झाल्या हंसा वाडकर. मराठीत तमाशापटांची लाट आली ती याच चित्रपटापासून, असं मानलं जातं. 'सुंदरा मनामधि भरली' शिलेदारांच्या आवाजात घरोघरी पोचली. आज आपण जी चाल गुणगुणतो ती देसाईंची आहे, पेशवाईतली नाही. शिलेदारांचा गळा नाट्यसंगीतात घोटलेला, त्यामुळं फडाचा खडबडीतपणा तिथं फारसा उरला नाही. तरी शब्दांचा ठेका इतका पक्का की चाल कोणतीही असो, 'भरली, ठरली, शिरली' आपल्या जागी पडतातच.

गंमत म्हणजे 'हटातटाने'ची वाट अगदी निराळी झाली. ती मी पहिल्यांदा ऐकली कीर्तनात, बुवांच्या तोंडून. झांज थांबवून त्यांनी ओळ टाकली, बायाबापड्यांनी माना डोलावल्या, आणि शेजारच्या आजोबांनी मला समजावलं, ''तुकोबांचा अभंग आहे बाळा.''