पार्श्वभूमी : एलईडी इंडिकेटर आणि ‘कॅनबस’ या शब्दाचा घोळ

एलईडी बल्ब बसवला की इंडिकेटर दुप्पट वेगाने उडायला लागतो. संभाजीनगर असो की जालना, लातूर, नांदेड, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ही तक्रार रोजची आहे. यात ना बल्ब खराब असतो, ना गाडी. इंडिकेटरचं सर्किट आखलं गेलं तेव्हा बल्ब म्हणजे तारेचाच, आणि बल्ब जिवंत आहे की गेला हे गाडी करंटवरूनच ओळखायची.

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली इंडिकेटर उडवणारी फ्लॅशरची डबी असायची आणि तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी. बल्बच्या करंटने पट्टी तापून वाकायची, जोड सुटायचा, गार झाली की पुन्हा लागायचा. एक बल्ब गेला की करंट निम्म्यावर यायचा आणि ठोका बिघडायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. ते करंट मोजतात आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की मुद्दाम वेग दुप्पट करतात, म्हणजे चालकाला बल्ब गेल्याचं कळावं. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो, पुढचा-मागचा मिळून साडेतीन. ३ वॉटचा एलईडी घेतो पाव अँपिअर. दोन्ही एलईडी लावले तरी करंट जेमतेम अर्धा अँपिअर, म्हणून फ्लॅशरच्या लेखी बल्ब गेलेलेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटर नारंगी आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा उडणारा हवा. दुप्पट वेग या मर्यादेबाहेर जातो.

लाल एलईडी १९६२ चा, पण भरपूर उजेड देणारा निळा आला १९९३ मध्ये आणि त्याच्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणारा थर) चढवून पांढरा तयार झाला. त्यामुळे गाड्यांत ब्रेक लाइट आधी एलईडीचे झाले, हेडलाइट २००७-०८ च्या सुमारास. ब्रेक लाइटला खरा फायदाही आहे. तार तापून पूर्ण उजेड द्यायला ०.२ सेकंदाच्या आसपास घेते, एलईडी तत्क्षणी लागतो. समृद्धीवर ताशी १२० ने मागून येणारी गाडी तेवढ्यात साडेसहा मीटर पुढे येते.

पांढऱ्या एलईडीच्या जन्मातच रंगाचा नियम दडलेला आहे. त्याच्या उजेडात निळा भरपूर आणि लाल कमी असतो. लाल काचेमागे तो फिका, गुलाबीसर दिसतो आणि नारंगी काचेमागे लिंबासारखा. म्हणून लाल काचेमागे लाल आणि नारंगीमागे नारंगीच एलईडी घ्यावा. पांढरा फक्त पुढच्या पार्किंगला आणि रिव्हर्सला.

आता ‘कॅनबस’. दुकानात “साधा देऊ का कॅनबसवाला?” असं विचारतात आणि गिऱ्हाईक महागातला घेतं. कॅन ही गाडीतल्या कंट्रोल युनिट्सनी आपसात निरोप पाठवायची पद्धत. १९८६ मध्ये ती जाहीर झाली आणि १९९० च्या दशकात गाड्यांत आली. बल्बच्या होल्डरपर्यंत ती पोचतच नाही. होल्डरमध्ये येतात त्या १२ व्होल्टच्या आणि अर्थिंगच्याच तारा. पण अशा गाड्यांत सुटा फ्लॅशर राहिला नाही. बल्ब चालू-बंद करण्याचं आणि त्याचा करंट मोजण्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या कंट्रोल युनिटकडे गेलं, आणि करंट कमी दिसला की डॅशबोर्डवर इशारा यायला लागला. तो इशारा येऊ नये म्हणून बल्बमध्येच रेझिस्टर भरून जादा करंट खाणारे एलईडी निघाले. त्यांना कॅन असलेल्या गाडीत चालणारे म्हणून कॅनबस नाव पडलं. बल्बला कॅन कळत नाही, तो फक्त वीज जाळतो.

या एका शब्दाने बरंच नुकसान केलं आहे. एक तर किती करंट पुरे हे प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं असतं, त्यामुळे तोच ‘कॅनबस’ बल्ब एका गाडीत चालतो आणि दुसरीत इशारा देतो. दुसरं म्हणजे उष्णता. एलईडीचं आयुष्य त्याच्या चिपच्या तापमानावर ठरतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश, उन्हात उभ्या गाडीच्या बंद दिव्यात त्याहून कितीतरी जास्त, आणि त्याच दिव्यात बोटाएवढ्या बल्बमध्ये रेझिस्टर तापत बसतो. बल्ब आधी मिणमिणतो, मग एकेक चिप जाते. पार्किंगच्या टी१० बल्बचं असं जास्त होतं, कारण तो तासन्‌तास सलग चालू असतो.

गाडीत सुटा फ्लॅशर असेल तर उपाय सरळ आहे: एलईडीचा तीन पिनांचा फ्लॅशर घ्यावा. बी म्हणजे प्लस, एल म्हणजे स्विचकडे, ई म्हणजे अर्थ. काही कंपन्यांत हेच ४९, ४९ए आणि ३१. पिनांची जागा बदलते, म्हणून खोचण्याआधी टेस्ट लॅम्पने प्लस तपासावा. उलटा लागला तर फ्लॅशर जळतो. जुना फ्लॅशर दोन पिनांचा असेल तर बॉडीवरून अर्थची तार ओढावी लागते.

मॉड्यूलवाल्या गाडीत सोनेरी ॲल्युमिनियमच्या आवरणातला ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर बल्बला समांतर लावतात. गाडी चालू असताना १३.८ व्होल्टला तो २.३ अँपिअर घेतो आणि ३२ वॉट उष्णता टाकतो. तो पत्र्यावर स्क्रूने कसावा. बंपरच्या प्लास्टिकवर दोन बाजूंना चिकटणारी टेप लावून ठेवला तर प्लास्टिक वितळतं. चिमट्याच्या जोडात धूळ-पाणी शिरून पावसाळ्यात जोड सैल होतो, सोल्डर करून वर हीट श्रिंकची नळी घ्यावी. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: रेझिस्टर लावल्यावर वीज वाचत नाही, उलट बल्बपेक्षा जास्तच जाते. ब्रेकला तो लावूच नये असं आमचं मत आहे, सिग्नलवर पाय ब्रेकवर असेपर्यंत तो सलग तापत राहतो.

दिवे बंद असतानाही मागचा एलईडी मंद लुकलुकत असेल तर मॉड्यूल बल्बमधली तार तुटली का हे बघायला विजेचे बारीक ठोके पाठवतंय. तारेचा बल्ब त्याने पेटत नाही, एलईडी पेटतो.

दिव्याला मिळालेली मान्यता मात्र तारेच्या बल्बवरचीच असते. परावर्तकाची घडण तार नेमकी कुठे आहे यावर बेतलेली असते आणि एलईडीच्या चिप त्या जागी नसतात. इंडिकेटरला हे निभावून जातं, हेडलाइटला नाही. तिथे समोरच्याचे डोळे दिपतात.

जुन्या गाडीत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच इशारा दिवा असेल तर आणखी एक अडचण येते: डावा लावला की उजवाही उडतो. तो दिवा दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो आणि त्याला अर्थ मिळतो विरुद्ध बाजूच्या बल्बातून. तारेचा बल्ब तेवढ्या करंटने पेटत नव्हता, एलईडी पेटतो. फ्लॅशर बदलून हे जात नाही. इशारा दिव्याची एक तार बॉडीला अर्थ करावी, आणि दुसरीला डाव्या व उजव्या तारेवरून १एन४००७ चा एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणावा, डायोडवरच्या पट्टीची बाजू दिव्याकडे ठेवून.