दुरुस्तीला मशीन देण्याआधी

आम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याचे पैसे घेतो, आणि तरीही हे पत्रक "आमच्यावर जरा जपून विसंबा" हे सांगायला काढलं आहे. आमच्यावर म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यांवरच. बिघडलेलं मशीन सहसा सुरू होतं. नाहीच झालं तर दुसरं घेता येतं. त्यातले हिशेब, कागदपत्रं, फोटो गेले तर मात्र ते पैसे मोजून कुठे मिळत नाहीत. आणि कितीतरी वेळा ते बिघाडात जात नाहीत, दुरुस्तीत जातात.

आधी आमचीच चूक सांगतो. एक निवृत्त गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. मशीन फार रेंगाळत होतं. "विंडोज नवीन टाका, माझं सगळं डी ड्राइव्हला आहे," म्हणाले. आमच्या दुकानातल्या मुलाने "नक्की ना काका?" असं विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि त्याने सी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या विंडोज असलेल्या भागावर, फॉरमॅट मारला, म्हणजे तो भाग रिकामा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावरच लॅपटॉप उघडून पाहिला. पहिला प्रश्न आला, "माझं डेस्कटॉपवरचं फोल्डर कुठाय?" त्या फोल्डरात चार वर्षं थोड्या थोड्या टाइप करत आणलेल्या आठवणी होत्या. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही तिथेच, कोणी मुद्दाम हलवले नसतील तर. हे त्यांना ठाऊक असायची गरज नव्हती, आम्हाला होती. आम्ही दोन दिवस रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, हाती काही लागलं नाही.

का लागलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट होणारा, क्विक फॉरमॅट मारला तरी मूळ मजकूर बराच काळ जागेवर असतो. पुसली जाते ती फक्त कोणती फाइल कुठे आहे याची यादी. त्यामुळे लगेच थांबलं तर पुष्कळ काही परत मिळतं. त्या लॅपटॉपात होती एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिचं तसं नाही. फाइल डिलीट झाली किंवा फॉरमॅट मारला की विंडोज एसएसडीला कळवतं की एवढी जागा आता मोकळी समज. याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी आपल्या सवडीने ती जागा खरोखरच साफ करून टाकते. नव्या लॅपटॉपांत बहुतेक एसएसडीच असते, तेव्हा "डेटा काय, काढून देऊ नंतर" हे आश्वासन कोणी दिलं तर त्यावर जाऊ नका.

त्या दिवसापासून आम्ही ग्राहकाला समोर बसवून विचारतो: डेस्कटॉपवर काय आहे, हिशेबाचं सॉफ्टवेअर कोणतं, मेल ब्राउझरमध्ये बघता की आउटलुकमध्ये, फोटो कुठे उतरवता. हिशेबाचा डेटा आणि आउटलुकची फाइल या दोन गोष्टी ग्राहक हटकून विसरतात, कारण त्या कधी "फाइल" म्हणून त्यांच्या नजरेलाच पडत नाहीत. दुसरीकडे कुठे मशीन देणार असाल आणि कोणी हे विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. त्याहून चांगलं म्हणजे घरून निघण्याआधी एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली असं वाटणं आणि फाइल उघडणं यांत अंतर असतं.

"माझं सगळं क्लाउडला आहे," असंही ऐकतो. असेल, पण बघून घ्या. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, फुकट जागा मिळते ५ जीबी. ती भरली की नव्या फाइली वर चढणं थांबतं, आणि कोपऱ्यातल्या त्या सूचनेकडे लक्ष जातंच असं नाही. शिवाय मशीनवरून फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ती रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, नंतर तिथूनही जाते.

फॉरमॅट मारण्याची घाई का असते

खरं कारण शोधायला कधी कधी अर्धा दिवस जातो. फॉरमॅटचं तसं नाही. एका बाजूला चालू करून दुसरं मशीन हातात घेता येतं आणि निकाल जवळजवळ ठरलेला. पैसे साधारण तेवढेच मिळतात. म्हणून "फॉरमॅट मारावा लागेल" हे वाक्य आमच्या धंद्यात फार लवकर तोंडावर येतं. ऐकल्यावर एकच विचारा: कशामुळे? समोरच्याने "सिस्टीम फाइल करप्ट झाली, अपडेट अर्धवट राहिलं होतं" असं काही नेमकं सांगितलं तर ठीक. "व्हायरस असेल" एवढ्यावर भागवलं तर अजून शोध झालेला नाही असं समजा.

कारण डिस्कच मरायला टेकलेली असेल, तर तिच्यावर नवं विंडोज टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. पंधरा दिवसांनी तेच मशीन पुन्हा टेबलावर. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं, तीही दोन मिनिटांत. तिथे रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) किंवा पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) यांचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत चालला असेल तर आधी डेटा बाहेर काढायचा, बाकीचं मग. ही नोंद समोर उघडून दाखवायला सांगा. दाखवण्यात कमीपणा काही नाही.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा आणि पुन्हा "एकदाच बघू" म्हणून चालू करू नका. आतली वाचणारी सुई, म्हणजे हेड, अडखळत असते. फिरत्या तबकडीवर तिचा ओरखडा उठला की त्या जागेचा डेटा कायमचा गेला. अशा डिस्कवर कोणाला चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासायची सोय, तीही चालवू देऊ नका, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहायला लागतं. अशी डिस्क धूळविरहित खोलीत, त्याच कामाच्या अवजारांनी उघडतात. ते वेगळं शास्त्र आहे आणि आम्ही ते करत नाही. "उघडून बघतो" असं कोणी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन म्हणालं तर डिस्क परत घ्या.

पासवर्ड

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग मांडला. लॅपटॉपचा ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारं सॉफ्टवेअर, मुद्दाम बंद केला, आत सगळ्या हालचालींची गुपचूप नोंद ठेवली, आणि ते लॅपटॉप डझनभर दुकानांत दुरुस्तीला दिले. आवाज सुरू करायला कोणाच्या फाइली बघायची गरज पडत नाही. तरी ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी खासगी फाइली उघडल्या आणि त्यांतल्या २ ठिकाणी कॉपी करून घेतल्या. लॅपटॉप बाईचा आहे असं दिसत असेल तर डोकावण्याचं प्रमाण जास्त होतं. आमच्या व्यवसायाला लाज आणणारी गोष्ट आहे ही. पण वाचून आम्हाला फार आश्चर्य वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

लोकांना वाटतं, पिन सांगितला म्हणजे फार तर मशीन उघडेल. एक करून बघा. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उघडा आणि डोळ्याच्या खुणेवर क्लिक करा. तो मागतो विंडोजचाच पिन. म्हणजे चिठ्ठीवर लिहून दिलेल्या त्या चार आकड्यांत तुमचा मेल, खरेदीची खाती आणि ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगितलेलं बाकीचं सगळं आलं. मेल तर उघडाच असतो, त्याला पासवर्डही लागत नाही.

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, फॅन, चार्जिंगचं सॉकेट यांच्या कामाला पासवर्ड लागत नाही. चाचणी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून घेता येते. सॉफ्टवेअरच्या कामाला लागतो, तेव्हा आधी ब्राउझरमधून साइन-आउट करा, पिन तात्पुरता बदला आणि मशीन परत आल्यावर पुन्हा बदला. वेगळं खातं काढून दिलंत तर उत्तम. ते साधं, स्टँडर्ड खातं असू द्या, कारण अॅडमिन खात्यातून दुसऱ्याची फोल्डरं उघडता येतात. अर्थात डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेली, नसेल तर या सगळ्यावर एक सोपी पळवाट आहेच. डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची. पासवर्ड कोणी विचारत नाही.

मग एन्क्रिप्शन चालू ठेवावं का? ठेवावं. पण त्याची दुसरी बाजू अशी की विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलला, कधी नुसतं बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, की मशीन सुरू होताना निळी स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर आम्ही काही करू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही. मशीन आमच्याकडे येण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या. कागद घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

फोनवरून आणि दुरून दुरुस्ती

इंटरनेट बघताना अचानक स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं येतं. ते निव्वळ एक वेब पान असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडा आणि त्यातून ब्राउझर बंद करा.

फोन केलाच असेल तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवायला सांगतो आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतो. त्यात लाल खुणा, पिवळे त्रिकोण, शेकड्याने. "बघा, केवढे व्हायरस!" अहो, तशा खुणा आमच्या टेबलावरच्या ठणठणीत मशीनमध्येही आहेत. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. असं काही घडून गेलं असेल तर नेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून बँकेला कळवा आणि मेलपासून सुरुवात करून पासवर्ड बदला. लाजू नका, आमच्याकडे आलेल्यांत चांगले शिकले-सवरलेले लोक होते.

दुरून दुरुस्ती आम्हीही करतो. तेव्हा समोर बसून राहा, चहाला उठू नका. बँकेचं पान उघडं ठेवू नका. काम झालं की ते सॉफ्टवेअर काढून टाकायला आम्हालाच सांगा, आणि निघालं की नाही ते बघा.

सुटे भाग

देण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरच्या मेमरी आणि डिस्क या दोन्ही भागांचे मोबाईलवर फोटो काढा. रॅम किती, तिचा वेग, किती स्लॉट भरलेत आणि डिस्कचं मॉडेल, सगळं एका ठिकाणी मिळतं. परत घेताना तेच पान पुन्हा उघडा. भांडायची वेळच येत नाही.

"मदरबोर्ड गेला" हा निकाल ऐकला तर दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. डेस्कटॉप मशीनच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, अशा तक्रारीत बऱ्याचदा रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर साधं खोडरबर फिरवलं आणि परत घट्ट बसवली की काम होतं. कधी वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, गेलेला असतो. मदरबोर्ड खरोखर जातोही, पण आधी या गोष्टी बदलून पाहिल्या का ते विचारा. फुगलेली बॅटरी मात्र वेगळी: ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, लगेच घेऊन या.

आणखी एक. लॅपटॉपसोबत विंडोज आलं असेल तर त्याच्या परवान्याची की सहसा मदरबोर्डमध्येच असते आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. तरीही कोणी "थोडा वेळ अँटिव्हायरस बंद करतो" म्हणाला, तर तो क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट, टाकतो आहे का ते विचारा. त्या क्रॅकबरोबर आत काय येतं याची हमी तो देऊ शकत नाही.

नवी डिस्क बसवली की जुनी परत मागा, बिघडलेली असली तरी. आमच्याकडच्या एका खणात अशा तेवीस डिस्क पडून आहेत. मालक "ठेवा तुम्हालाच" म्हणून गेले, आणि त्यांतल्या निम्म्या तरी अजून वाचता येतील. आम्ही त्या उघडून बघत नाही, पण ही गोष्ट तुम्ही आमच्या शब्दावर सोडावी असं नाही. तुमची त्यात असेल तर पावती आणा आणि घेऊन जा. पावती हरवली असेल तर लॅपटॉपचा सीरियल नंबर सांगा, वहीत नोंद आहे.