एसएमपीएसची घरघर, शीळ आणि चरचर

समुद्रापासून फार लांब नसलेल्या आमच्या गोव्यातल्या मांद्र्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात संगणक सुरू केला की टेबलाखालून घरघर ऐकू येऊ लागली. दाणे न टाकता रिकामे जाते फिरवावे, तसा तो आवाज होता. दहाबारा मिनिटांत तो विरून जाई, त्यामुळे काही दिवस मी तिकडे दुर्लक्ष केले. मग कॅबिनेट उचलून म्हापशाला दुरुस्तीसाठी नेले. दुकानात ते टेबलावर आडवे ठेवून, बाजूचा पत्रा काढून सुरू केले, तेव्हा त्यातून हूं की चूं निघाले नाही. काही बिघाड नाही, असे ऐकून घरी परतलो, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅबिनेट उभे करून बटण दाबले, तर घरघर पुन्हा हजर. उभे असताना कुरकुरणारे यंत्र आडवे होताच गप्प बसते, यातच अर्धे निदान होते, हे माझ्या ध्यानात यायला आणखी दोन दिवस लागले.

आवाज येत होता तो एसएमपीएसमधून, म्हणजे भिंतीतल्या 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून मदरबोर्डला लागणारे 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे एकदिश दाब तयार करणाऱ्या पत्र्याच्या पेटीतून. या पेटीत सतत फिरणारा भाग एकच, तो म्हणजे पंखा. आजच्या बहुतेक पेट्यांत तो 120 मिलिमीटरचा असतो आणि पेटीच्या सपाट अंगाला बसवलेला असतो. म्हणजे कॅबिनेट उभे असताना त्याचा दांडा उभा राहतो आणि पात्यांचे सारे वजन दांड्याच्या दिशेने ओढ देते. स्वस्त पंख्यांत हा दांडा तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूच्या एका नळीत फिरतो. तिला स्लीव्ह बेअरिंग म्हणतात. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे तेल आटते, उरलेले दाट होते आणि नळी एका बाजूने झिजते. सकाळी गार असताना दाट तेल पसरत नाही, दांडा नळीवर घासतो. पेटी तापली की तेल पातळ होते आणि आवाज थांबतो. कॅबिनेट आडवे केले की दांडाही आडवा होतो, भार नळीच्या वेगळ्या भागावर जातो आणि झिजलेली जागा तेवढ्यापुरती सुटते. म्हणून तंत्रज्ञाला नुसते "आवाज येतो" असे सांगण्यापेक्षा तो गारपणी येतो की तापल्यावर, आणि कॅबिनेट कसे ठेवले असता येतो, हे सांगितलेले अधिक उपयोगी पडते.

अर्थात हा आवाज एसएमपीएसचाच आहे, हे आधी ठरवावे लागते. प्रोसेसरचा पंखा, ग्राफिक्स कार्डाचे पंखे आणि जुनी हार्ड डिस्क हे सगळे त्याच खोक्यात नांदतात, आणि पत्रा प्रत्येकाचा आवाज वाढवून सांगतो. घुमट या वाद्याच्या चामड्याला मातीच्या पोकळ भांड्यामुळे जसा भरदार नाद येतो, तसेच हे आहे, फक्त इथे तो कोणाला नको असतो. कॅबिनेटवर तळहात दाबून धरल्यावर आवाज निम्मा झाला, तर पत्रा थरथरतो आहे असे समजावे आणि एसएमपीएसचे मागचे चार स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे. जुन्या कॅलेंडराच्या पानाची सुरळी करून एक टोक कानाला लावावे व दुसरे जाळ्यांजवळून फिरवावे. ते आत मात्र घालू नये. फोनवर ध्वनीची वारंवारता दाखवणारे ॲप असेल, तर आणखी बारकावा कळतो. मिनिटाला 1200 फेरे घेणारा पंखा सेकंदाला 20 वेळा फिरतो, आणि त्याला सात पाती असतील तर 140 हर्ट्झपाशी आलेखात सुळका दिसतो. पंख्याचा वेग वाढताच हा सुळका सरकतो. 100 हर्ट्झचा सुळका मात्र जागचा हलत नाही, कारण तो आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा आहे: प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो आणि कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, लोखंडी गाभा दोनदा ओढला जातो.

याहून चकवणारी असते ती बारीक शीळ. तिला कॉइल व्हाइन म्हणतात, आणि तिचा पंख्याशी काही संबंध नसतो. एसएमपीएसमधील स्विच सेकंदाला हजारो वेळा, बहुधा 20,000 हर्ट्झच्या पुष्कळ वर, उघडझाप करतात. आपल्या कानाची मर्यादाच 20,000 हर्ट्झ असल्यामुळे ही उघडझाप एरवी ऐकू येत नाही. पण यंत्राला फारसे काम नसते, तेव्हा वीज वाचवण्यासाठी ही उघडझाप सलग न होता थांबून थांबून, झुबक्यांनी होते, आणि झुबक्यांची लय श्राव्य पट्ट्यात येऊन पडते. कॉइलमधल्या वेढ्यांवर चुंबकीय बल कमीजास्त होते, शिवाय गाभ्याची लांबीही चुंबकत्वाबरोबर सूक्ष्म बदलते. जेम्स जूलने 1842 मध्ये लोखंडात हाच परिणाम नोंदवला होता. वेढे सैल असले की ते गुणगुणू लागतात. उलट टोकाला, एखाद्या खेळाच्या मेनूवर ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पाचपाचशे चित्रे काढत बसते, तेव्हाही भार त्याच वेगाने हेलकावतो आणि शीळ उमटते. सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा 60 वर आणली आणि शीळ नाहीशी झाली, तर ती कॉइलचीच. मग ती एसएमपीएसची की ग्राफिक्स कार्डाची, हे कागदाच्या सुरळीने शोधावे. ही शीळ त्रासदायक असली तरी सहसा धोक्याची नसते. वय वाढते तसे वरचे स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे घरातली मुले तिच्याबद्दल तक्रार करतात आणि मोठी माणसे त्यांनाच वेड्यात काढतात.

पावसाळ्यात वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर आले की एसएमपीएस एकाएकी भुणभुणू लागतो, हा अनुभव अनेकांचा असेल. साध्या इन्व्हर्टरमधून गोलाईची लहर न येता चौकोनी लहर येते. तिच्या उभ्या कडांपाशी कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्रवाह धडक मारून शिरतो आणि कॉइल तो धक्का आवाजात बदलते. विजेचा दाब उतरला तरी आवाज वाढू शकतो, कारण एसएमपीएस जवळजवळ तितकीच शक्ती घेत राहतो: 300 वॅटसाठी 230 व्होल्टवर सुमारे 1.3 अँपिअर पुरतात, 180 व्होल्टवर जवळपास 1.7 लागतात. बटण दाबल्यावर येणारी एकच 'टक' मात्र रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, असते आणि ती निकोप आहे; टकटक थांबतच नसेल, तर कुठे तरी शॉर्ट होऊन संरक्षण यंत्रणा पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत असण्याची शक्यता मोठी.

तेलात मोहरी तडतडावी तशी चरचर आली, तर तपासण्या करीत न बसता भिंतीवरचे बटण बंद करावे. ही ठिणगी असते. किनाऱ्यालगत हवेतून आलेले मीठ धुळीबरोबर सर्किटवर बसते, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते. गोव्यात जून ते सप्टेंबर ही पातळी नेहमीची आहे. त्या खारट ओलाव्यातून वीज वाट काढते. सोबत मासळीसारखा वास येऊ शकतो, कारण तापलेले प्लॅस्टिक आणि गळका कपॅसिटर कित्येकदा तसा वास सोडतात. आमच्याकडे त्याचा आळ स्वयंपाकघरावर जाणे अगदी साहजिक आहे. पेटी घरी उघडू नये, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्टचा किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

मी शेवटी नवा एसएमपीएस बसवला. जुना काही दिवस तसाच पडून होता, मग एका ओळखीच्या तंत्रज्ञाने कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करून तो उघडला. पंख्याचे पाते बोटाने हलवले तर दांडा नळीत डुगडुगत होता, हे अपेक्षितच होते. त्याने मग सर्किट उलटे केले आणि सोल्डरच्या डागांच्या रांगेशेजारी नखाएवढा हिरवट पापुद्रा दाखवला. त्या जागेतून चरचर अजून सुरू झाली नव्हती.