न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर

रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या संख्येला लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येने भागून येणारा आकडा. श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारांत, विशेषतः कोविड-१९ मध्ये, आजार किती गंभीर वळण घेईल याचा अंदाज बांधण्यासाठी तो पाहिला जातो. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. साध्या हिमोग्राममध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, दोन्ही आकडे असतातच. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के असल्यास गुणोत्तर ६.५ येते. निरोगी प्रौढांत ते साधारण १ ते ३ असते.

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या शरीरावरचा ताण मोजण्यासाठी हे गुणोत्तर वापरावे, असे स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथील डॉक्टर झाहोरेक यांनी २००१ मध्ये सुचवले. त्यांच्यासमोर मोठ्या शस्त्रक्रिया झालेले आणि सेप्सिसचे (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेले) रुग्ण होते. विषाणुजन्य आजारांत लक्ष आधी गेले ते घटलेल्या लिम्फोसाइटांकडे. २००३ च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीत हाँगकाँगमधील १५७ रुग्णांपैकी जवळपास सर्वांमध्ये ही घट दिसली. जानेवारी २०२० मध्ये वुहानमधील कोविडच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल आला. त्यांतील २६ जणांच्या लिम्फोसाइट दर घन मिलिमीटरमागे १,००० पेक्षा कमी होत्या. त्यापाठोपाठ चीनमधील १,०९९ रुग्णांच्या पाहणीत लिम्फोसाइट घटलेल्यांचे प्रमाण ८३ टक्के निघाले, पण तिथे घट मोजण्याची मर्यादा १,५०० धरली होती. ही दोन प्रमाणे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

लिम्फोसाइट का घटतात, याचे एकच एक कारण नाही. काही टी-पेशी (लिम्फोसाइटांचाच एक प्रकार) रक्त सोडून फुफ्फुसांकडे जातात, तर काही दाहाच्या माऱ्यात मरतात. इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये वाढलेल्या रुग्णांत टी-पेशी अधिक घटलेल्या आढळतात. त्याच वेळी अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल भराभर बाहेर पडतात, अगदी अपक्वही. फुफ्फुसांत पोचल्यावर ते आपल्याच डीएनएची चिकट जाळी सोडतात. तिच्यामुळे ऊतींना इजा होते आणि रक्तात गुठळ्या होण्यास हातभार लागतो. अंश वाढतो आणि छेद घटतो, त्यामुळे दोहोंपैकी एका संख्येपेक्षा गुणोत्तर अधिक ठळकपणे हलते. ही त्याची खरी सोय, आणि दोषही: ६ हा आकडा न्यूट्रोफिल वाढल्याने आला की लिम्फोसाइट घटल्याने, हे त्यावरून कळत नाही. मूळ संख्या पाहाव्याच लागतात.

स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. जून २०२० मध्ये कोविडवरील औषधांच्या ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले आणि ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देणे रूढ झाले. औषध सुरू झाल्यानंतरचे गुणोत्तर त्यामुळे जपूनच वाचावे लागते. जिवाणूंचा संसर्ग आणि शस्त्रक्रिया यांनीही ते चढते. लहान मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत मुळातच लिम्फोसाइट अधिक असतात, म्हणून प्रौढांची मर्यादा त्यांना लावता येत नाही.

किती आकड्यापुढे धोका मानायचा, यावर एकमत नाही. बीजिंगच्या एका अभ्यासातील ३.१३ ही मर्यादा बरीच उद्धृत झाली, पण त्यात रुग्ण होते अवघे ६१. एकाच रुग्णाचे गुणोत्तर रोज चढते आहे की उतरते आहे, हे पाहणे अधिक उपयोगी. ब्रिटनमध्ये रुग्णालयातील कोविड रुग्णांचा धोका मोजण्यासाठी दोन गुणपद्धती तयार झाल्या. मृत्यूचा धोका सांगणाऱ्या पद्धतीत पांढऱ्या पेशींना स्थान नाही. प्रकृती खालावण्याचा धोका सांगणाऱ्या दुसरीत लिम्फोसाइटांची संख्या आहे, गुणोत्तर मात्र नाही.