व्यवसायांतील प्लास्टिक-कपात (सोलापूर)

कारखाना, दुकान, खानावळ किंवा गोदाम चालवताना लागणारे प्लास्टिक मुळातच कमी करणे, जे टळत नाही ते पुन्हा पुन्हा वापरणे आणि उरलेले वेगळे ठेवून पुनर्चक्रणाला देणे, या सगळ्याला मिळून प्लास्टिक-कपात म्हणतात. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरले गेले आणि प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचे पुनर्चक्रण झाले. त्यामुळे ‘आम्ही सगळे भंगारात देतो’ एवढ्यावर कपात झाली असे म्हणता येत नाही.

सोलापूर हे कापडाचे गाव. १८७७ साली इथे कापडगिरणी उभी राहिली, पुढे हातमाग आणि यंत्रमाग वाढले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावातली चादर गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून. आणि दुकानातून ‘कापडी’ म्हणून मिळणारी रंगीत पिशवी पुष्कळदा कापडी नसतेच. ती न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. ओळखायला सोपी: कडेचा एक धागा ओढून पाहावा. ताणाबाणा असेल तर धागा सुटून येतो, या पिशवीचे नुसते तंतू उपटून येतात. माग चालवणाऱ्यांच्या शहरात ही फसगत व्हावी, याचे नवल वाटते. केंद्राच्या नियमांनुसार अशी पिशवी दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असता कामा नये.

राज्याची प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, अशी तिची चढती भाजणी आहे. एकदा वापरून टाकायच्या वस्तूंवरची केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तिच्यात चमचे, पेले, ताटे यांच्याबरोबर मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची पातळ फिल्मही आहे. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाली. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटणार नाही आणि कचरावेचकाला ती उचलायला परवडेल, हा त्यामागचा हिशेब. पण तीही एकदाच वापरून फेकली, तर त्याच कामाला पूर्वीपेक्षा जास्त प्लास्टिक लागले एवढेच होते.

वेष्टनाचे प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर टाकली. ब्रँडमालकांपैकी सूक्ष्म व लघु उद्योग मात्र वगळले आहेत, आणि सोलापुरातले चादर, गणवेश, चटणीचे बहुतेक धंदे याच गटात बसतात. इथल्या कारखानदाराच्या दाराशी बंदी पोहोचते, वेष्टनाचा हिशेब पोहोचत नाही. तो त्याने आपणहून मांडायचा असतो. त्याची रीत साधी आहे: महिनाभर आवारात आलेले आणि बाहेर गेलेले प्लास्टिक कच्च्या मालाचे वेष्टन, कामाच्या जागेचे, विक्रीच्या मालाचे आणि चहापाण्याचे असे वेगळे साठवून वजन करायचे. चहापाण्याचे प्लास्टिक डोळ्यांत भरते, पण वजनात कापडधंद्याचे पारडे वेष्टनाकडेच झुकते.

यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेले सूत, येतात ते पिशव्यांत, आणि त्या पिशव्या पुन्हा विणलेल्या प्लास्टिकच्या गोणीत. गोणी चांगली टिकते. ती सूत देणाऱ्याला परत केली किंवा चिंध्या भरायला ठेवली, तर तिची किंमत वसूल होते. खरा प्रश्न तयार मालाचा आहे. व्यापारी चादरीला पिशवी घालतो त्याला कारणे आहेत: दुकानातली धूळ, प्रवासातली ओल, आणि घडी न मोडता नक्षी दिसावी ही गिऱ्हाइकाची अपेक्षा. धूळ-ओल हा वाटेतला प्रश्न आहे. त्यासाठी नगाला एक पिशवी लागत नाही, गठ्ठ्याला एक आच्छादन पुरते. पूर्वी कापडाच्या गाठी तरटात शिवूनच जात. नक्षी दाखवायला कागदी पट्टा बांधलेली उघडी घडी पुरेशी आहे. भेट द्यायच्या चादरीला तिच्याच कापडाची शिवलेली पिशवी शोभते, आणि शिवणकाम करणाऱ्या हातांची या शहरात वाण नाही.

गणवेशाच्या धंद्यात तर प्लास्टिक घडीच्या आत शिरलेले असते. कॉलरखाली पट्टी, गळ्याशी ‘फुलपाखरू’ म्हणतात तो प्लास्टिकचा तुकडा, बाहीला चिमटा, वर पिशवी. काचेच्या कपाटात मांडायच्या शर्टाला हे एक वेळ समजू शकते. पण शाळेने शेकड्यांनी मागवलेला गणवेश कपाटात मांडला जात नाही, तो खोके उघडून वर्गात वाटला जातो. तिथे प्रत्येक नगाची पिशवी फक्त माप ओळखायला आणि मोजायला उपयोगी पडते. ते काम मापाची कागदी चिठ्ठी लावलेला डझनाचा एक गठ्ठा करतो. ही सुधारणा शिवणाऱ्याच्या हातात नसते. ‘प्रत्येक नग पिशवीत’ अशी अट खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये असेल तर कारखानदार ती मोडणार नाही. म्हणून कपातीची सुरुवात ऑर्डरच्या कागदावर व्हायला हवी. इथे एक गोष्ट नमूद करायला हवी: पॉलिस्टर मिसळलेले गणवेशाचे कापड आणि पाण्याची प्लास्टिकची (पेट) बाटली यांचे रसायन एकच आहे. बाहेरची पिशवी काढली तरी आतल्या शर्टात थोडे प्लास्टिक राहतेच.

शेंगाचटणीचे गणित अवघड आहे. तिच्यात तेल भरपूर, आणि हवा-उजेड लागला की ती खवट होते. कागद तेल पितो. वर्तमानपत्राच्या पुडीकडे परत जाण्याची वाटही बंद आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्नसुरक्षेच्या वेष्टन नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. बहुस्तरीय चकचकीत पाकिटात चटणी टिकते, पण त्यातले थर वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. निदान एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी वापरली तर ती पुढे खपू शकते. काचेची बरणी उत्तम, पण जड आणि फुटणारी. ती गावातल्या गिऱ्हाइकाला परवडते, मुंबईच्या पार्सलला नाही. गावातल्या विक्रीसाठी डबा घेऊन येणाऱ्याला सुटी चटणी देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. कडक भाकरीचे दुखणे उलटे: तिला तेल नाही, पण दमट हवेत ती सादळते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला कागदी खोके चालते, पावसाळ्यात किंवा कोकणात पाठवायची असेल तर बंद वेष्टन लागतेच.

खानावळींचे प्लास्टिक म्हणजे रबर लावून बांधलेला गरम रस्सा. घरचा डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावले, तर बरेचसे काम होते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत खाण्याच्या गाड्यांवर पळसाचे द्रोण सहज चालू शकतात. प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या कागदी प्लेटा हा पर्याय नाही, त्या राज्याच्या बंदीत आहेत. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे कार्यालये जारवर अवलंबून असतात. वीस लिटरचा, परत जाऊन पुन्हा भरून येणारा जार अर्ध्या लिटरच्या बाटल्यांपेक्षा केव्हाही बरा.

जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. १९८७ च्या तागविषयक कायद्यानुसार साखरेचा २० टक्के माल तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती ठरलेली आहे, बाकी बारदाना प्लास्टिकचा. डाळिंब-द्राक्षांच्या वाहतुकीत मात्र जाड प्लास्टिकचा क्रेट हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो, कारण तो वर्षानुवर्षे फिरतो. कपात म्हणजे प्लास्टिक पाहताच नाक मुरडणे नव्हे.

‘कुजणाऱ्या’ पिशव्यांबाबत बाजारात बराच गोंधळ आहे. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला प्रमाणपत्र लागते, आणि अशा बऱ्याचशा पिशव्या सुमारे ५८ ते ६० अंश तापमान टिकवणाऱ्या प्रकल्पातच नीट कुजतात. परसातल्या खड्ड्यात ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते. आणि भंगारातल्या साध्या पिशव्यांत चुकून मिसळली, तर त्या सगळ्या मालाची प्रत उतरते.