मेल सर्व्हर क्लस्टरचा बॅकअप

एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्याने मेलसेवा चालू ठेवावी, अशा रीतीने जोडलेल्या सर्व्हरसमूहातील, म्हणजे क्लस्टरमधील, टपालपेट्यांची सुरक्षित प्रत दोन मार्गांनी काढता येते : कार्यालयाच्या नेहमीच्या संगणकजाळ्यावरून, म्हणजे लॅनवरून, किंवा डिस्कसंच आणि टेपयंत्रे यांना जोडणाऱ्या स्वतंत्र स्टोरेज नेटवर्कवरून, म्हणजे सॅनवरून. या दोहोंतील निवड सहसा वेगाच्या आकड्यांवरून केली जाते. पण क्लस्टरच्या बाबतीत, सेवा एका नोडवरून (समूहातील एका सर्व्हरवरून) दुसऱ्या नोडवर गेल्यावर बॅकअप तिच्यामागे जातो की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २००३ या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये नोंदला जाऊन मग डेटाबेसमध्ये उतरतो. त्यामुळे चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून भागत नाही. त्या एक्स्चेंजमार्फतच वाचाव्या लागतात. पूर्ण किंवा इन्क्रिमेंटल (फक्त नव्या बदलांचा) बॅकअप यशस्वी झाल्यावरच जुने लॉग काढून टाकले जातात. बॅकअप सतत फसत राहिला, तर लॉगची डिस्क भरते आणि शेवटी मेलच थांबते.

लॅनवरील पद्धत सोपी व स्वस्त आहे. मात्र १ गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट मिळाले, असे धरले तरी ५०० गिगाबाइटच्या डेटाबेसला जवळजवळ दीड तास लागतो, आणि जुन्या १०० मेगाबिटच्या जाळ्यावर हेच काम रात्रभर चालते. शिवाय टेपयंत्राला माहिती फार संथ मिळाली, तर टेप थांबून मागे जाते व पुन्हा धावते. त्याने वेळ वाया जातो आणि टेपही झिजते.

सॅनवरील बॅकअपमध्ये माहिती फायबर चॅनल या सॅनच्या वेगवान जोडणीतून थेट टेपकडे जाते. लॅनवर केवळ नियंत्रणाचे संदेश आणि सूची उरतात. तरीही माहिती वाचण्याचे काम मेल सर्व्हरलाच करावे लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. येथे क्लस्टरच्या खास अडचणीही आहेत. टेपयंत्र प्रत्येक नोडला दिसेल असे झोनिंग (सॅनवर कोणाला काय दिसावे याची आखणी) करावे लागते, बॅकअपचे सॉफ्टवेअर सर्व नोडवर बसवावे लागते आणि काम नोडच्या नव्हे, तर क्लस्टरमधील आभासी सर्व्हरच्या (सेवेबरोबर एका नोडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या नावाच्या) नावाने नोंदवावे लागते. नाहीतर सेवा हलल्यानंतरच्या रात्री बॅकअप रिकाम्या नोडकडे पाहत राहतो. विंडोज २००० च्या क्लस्टरमध्ये सामायिक डिस्कचा ताबा घेताना स्कझी बस (डिस्क व टेप यांना सर्व्हरशी जोडणारा मार्ग) रीसेट होई, आणि त्याच अडॅप्टरवर (जोडणीच्या कार्डावर) टेप असल्यास चालू बॅकअप तुटे. म्हणून डिस्क व टेप यांना वेगवेगळे अडॅप्टर देणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

विंडोज सर्व्हर २००३ मधील शॅडो कॉपी सेवेमुळे डिस्कसंचातच क्षणचित्र (त्या क्षणीच्या माहितीची प्रत) घेऊन ते दुसऱ्या सर्व्हरवर जोडणे, तेथे तपासणे आणि मग टेपवर उतरवणे शक्य झाले. मेल सर्व्हरवरचा भार यामुळे खरोखर हलका झाला. एक्स्चेंज २०१० मध्ये चालू डेटाबेस एक्स्चेंजमार्फत वाचून बॅकअप घेण्याची जुनी स्ट्रीमिंग पद्धत वगळण्यात आली आणि सामायिक डिस्कवरील क्लस्टरची जागा १६ सर्व्हरपर्यंतच्या उपलब्धता गटाने (एकमेकांच्या डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटाने) घेतली. यात डेटाबेसच्या प्रती लॅनवरूनच सर्व्हरासर्व्हरांत जातात व बॅकअप निष्क्रिय (सेवा न देणाऱ्या) प्रतीवरून घेता येतो. मात्र चुकून पुसलेली टपालपेटी या सर्व प्रतींतूनही पुसली जाते. त्यासाठी एखादी प्रत मुद्दाम १४ दिवसांपर्यंत मागे ठेवण्याची सोय आहे, आणि त्याहून जुन्या मजकुरासाठी वेगळा बॅकअप लागतोच.